मोगऱ्याखालच्या मुंग्या

उमरावती, आषाढ वद्य पंचमी, शके १७८६

पुंजारामदादा,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार घालायची रीत आहे, ती या खेपेला राहू दे. तुझ्या पायांशी माझं काम नाही, कानांशी आहे. तुला वाचता येत नाही. हे पत्र वामनराव पंतोजी वाचणार, आणि माळीपुऱ्यातल्या पारावर चार माणसं जमल्याशिवाय पंतोजींचा आवाज फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लिहितो. पंतोजी, तुमच्या छडीखाली जेवढं शिकलो तेवढ्यावर हे चाललं आहे. चुका सुधारून घ्या, पण ओळ गाळू नका. मध्येच कोणी खोकलं तर थांबा आणि पुन्हा वाचा.

तर दादा, मी जिवंत आहे. इथं कापसाच्या बाजारामागे आशाबाई म्हणून एक विधवा बाई गाडीवानांना भाकरी करून घालते, तिच्या ओसरीच्या कोपऱ्यात राहतो. हंगामात बोऱ्यांत उतरून कापूस तुडवायचं काम मिळेल म्हणतात, तोवर गाड्यांच्या आखांना वंगण घालतो. गाव मोठं मजेचं आहे. काल एका शेतकऱ्यानं माणसाएवढा आरसा विकत आणला, चार जणांनी उचलून. घराचं दार लहान पडलं, म्हणून तो अंगणात उभा केला, तर त्याचाच बैल आरशातल्या बैलावर धावून गेला. मी अर्धा दिवस तिथंच होतो. काचेचा एक चांगला तुकडा मला मिळाला, तो ठेवून दिला आहे.

मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की मी मुंग्या पाळल्या आहेत.

हसा. पारावर सगळ्यांचं हसून होऊ द्या पंतोजी, मग पुढं वाचा.

आईच्या मोगऱ्याखाली काळ्या मुंगळ्यांचं घर होतं, ते सगळ्या माळीपुऱ्यानं पाहिलं आहे. दर सोमवारी ती त्यांना पीठ घालायची आणि मग आपल्याला भाकरी वाढायची. ती आजारी पडली तेव्हा मी तुझ्याच कापसाच्या गाड्या घेऊन या बाजारात रांगेत उभा होतो. ती माझं नाव घेत होती, हे मला तू सांगितलं नाहीस, वहिनीनं सांगितलं. ती गेली. तरी तू माणूस पाठवला नाहीस. मला कळलं ते अकोल्याकडच्या एका गाडीवानाच्या तोंडून, चिलीम पेटवता पेटवता. "तुह्या मायचं तेरावं झालं ना रे? बुंदी चांगली होती." मी बैल तिथंच सोडले आणि पळत निघालो. घरी आलो तर तू दारात कापूस मोजत होतास. काय म्हणालास, आठवतं? पंतोजी, हे सावकाश वाचा. "हंगाम होता. भरल्या गाड्या परत फिरत नाहीत."

दहाव्याला मोर्णेच्या काठी मी नव्हतो, पण पारावरचे निम्मे लोक होते. पिंडाला कावळा शिवेना. तू म्हणालास, गोवर्धनचं लग्न करून देईन. कावळा आला नाही. म्हणालास, मळ्यात त्याचा वाटा ठेवीन. कावळा फांदीवरून हललासुद्धा नाही, त्याला तू माहीत होतास. शेवटी सुभद्रावहिनी पदर पसरून बोलली, "आत्याबाई, तुमच्या मोगऱ्याखालच्या मुंग्याले मी पीठ घालत जाईन." आणि कावळ्यानं झडप घातली. खरं की खोटं? पाराला विचार.

आणि मृगाच्या आधी तू मोगरा उपटलास. वांगी गेली, वाल गेला, पानवेली गेल्या, ते सोड. सगळं अकोलं कापसानं वेडं झालं आहे, त्यात तू एक. पण मुंग्यांच्या घरावरून नांगर फिरवलास आणि वहिनीला म्हणालास, बांधावर कितीक मुंग्या हायेत, तिकडं घाल.

पेरणीच्या दिवशी मी नांगराच्या त्या तासात पालथा पडून होतो, तुला वाटलं रडतो आहे. मी शोधत होतो. सगळं घर विखरून गेलं होतं, पण मोगऱ्याच्या मुळाशी एक मोठी मुंगी सापडली. पंख नुकतेच झडलेली, टपोऱ्या पोटाची. आईच्या मुंग्यांची लेक. तिला पागोट्याच्या टोकात बांधून मी घर सोडलं. आता ती अत्तराच्या रिकाम्या कुपीत आहे. तळाला ओल्या कापसाचा बोळा, तोंडाला कोरड्या कापसाचा.

वहिनीचा शब्द त्या कुपीत आहे, दादा. बांधावर पोतंभर पीठ ओत, तो फिटायचा नाही. आणि कुपी माझ्या हातात आहे.

गोवर्धन


उमरावती, भाद्रपद शुद्ध द्वादशी, शके १७८६

दादा,

पंतोजींच्या अक्षरात तुझं उत्तर मिळालं. "मुंगीसारखी मुंगी. वेड्याने निमूट परत यावे. गाडी हाकायला माणूस हवा." म्हणजे मी यावं ते गाडी हाकायला. हे वाचून मी कुपी घट्ट धरली, इतकी की आशाबाई ओरडली, "फुटन नं बाप्पा! बायको असल्यावानी धरून राह्यला!"

तुला वाटत असेल मुंगी पाळणं म्हणजे काय, टाकला गूळ की झालं. मलाही तेच वाटलं होतं. आई पीठ घालायची म्हणून मी कुपीत पिठाची चिमूट टाकली. दोन दिवसांत त्याला बुरा आला, पांढरी लव वाढून वाढून थोरलीच्या पायांपर्यंत पोचली. (तिला मी थोरली म्हणतो.) अंगणात सांडलेलं पीठ वाळतं, मुंग्या आत नेतात, नको ते बाहेर टाकतात. कुपीत कुठलं वारं आणि कुठलं अंगण! मी मोराच्या पिसाच्या काडीनं तिला बाहेर काढलं, कुपी राखेनं घासली, नवा बोळा भरला. मग गूळ दिला. तोही तिनं शिवला नाही. मी काडीनं गुळाचं पाणी तिच्या तोंडाशी नेलं की ती पाठ फिरवायची, अगदी तुझ्यासारखी.

आशाबाई म्हणाली, "तिच्यामागं लागू नको. बाळंतीण हाये ते. अंधारात ठेव, अन् तोंड नको दाखवू तुहं."

आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिनं कुपीवर गुंडाळला. आणि खरंच, थोरलीनं काही न खाता, जागची न हलता, तांदळाच्या कणीसारखी अंडी घातली. रोज चाटून इकडची तिकडे करायची.

मी रोज बघत बसलो असतो, पण बडनेऱ्याकडे रुळांसाठी मातीचा बांध घालून राहिले आहेत असं कळलं आणि मी बघायला गेलो. काय बांध आहे दादा! नदीसारखा लांब, आणि वर काही नाही. इतकी माणसं माती वाहतात आणि अजून कोणी आगगाडी पाहिलेली नाही. मी तिथं टोपल्या उचलत राहिलो, दोन दिवसांचे आठ झाले. मग एकदम बोळा आठवला. कुपीतला ओला बोळा. मी उन्हातान्हात उमरावतीपर्यंत धावत आलो. दुसऱ्यांदा धावलो त्या वाटेनं, दिशा तेवढी उलटी.

आशाबाई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "आलास? मेली म्हणून आलास का जगली म्हणून?"

"बोळा वाळला असन नं, मावशी?"

"वाळला होता. म्या पाणी घातलं. तुह्यासाठी नाही, तिच्यासाठी." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "भावाले शिव्या देते अन् सोता पळून जाते. तुह्या हातून बदला नाही व्हाचा रे. बदल्याले बूड पाह्यजे, एका जागी टेकाले."

मी लुगडं बाजूला केलं. थोरलीभोवती इवल्याशा, अर्ध्या राईएवढ्या काळ्या मुंग्या फिरत होत्या. आईच्या मोगऱ्याखालच्या. मी काडीच्या टोकावर गुळाचं पाणी धरलं. एक आली, मिशा हलवून पाहिलं, प्यायली, आणि परत जाऊन थोरलीच्या तोंडाला तोंड लावलं. जे थोरलीनं माझ्या हातून घेतलं नाही, ते लेकीच्या तोंडून घेतलं.

आता मी कुठं जात नाही. बूड टेकलं आहे, आशाबाईच्या ओसरीवर, तुझ्या नावानं.

गोवर्धन


उमरावती, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १७८६

दादा,

कुपी लहान पडली. काळ्या मातीत शेण कालवून मी विटेएवढं घर केलं, त्यात सळईनं खोल्या आणि वाटा कोरल्या, आणि त्या आरशाच्या तुकड्याचा पारा खरवडून वर काच बसवली. घर परातीतल्या पाण्यात दगडावर ठेवतो, म्हणजे कोणी बाहेर पडत नाही. एका अंगाला गाडग्याची खापरी पुरली आहे, तिच्यात पाणी घातलं की माती आपोआप ओली राहते. काचेवर लुगडं. थंडी पडली आहे, म्हणून चुलीच्या मागच्या भिंतीशी. गुळाचं पाणी एक दिवसाआड. आणि नुसत्या गुळावर पोरं वाढत नाहीत, मांस लागतं त्यांना. आशाबाईकडचे गाडीवान जेवता जेवता माश्या मारून माझ्यासाठी ठेवतात. खुशालराव म्हणून एक गाडीवान आहे, अकोल्याची खेप करतो, तो येताना नाकतोडेच पकडून आणतो. "घ्या, तुमच्या सासरच्याइले," म्हणतो. नाकतोड्याची मांडी तोडून टाकली की सगळ्या मिळून ती आत ओढतात, उरलेलं पाय-पंख एका कोपऱ्यात नेऊन टाकतात. त्यांच्या घरात उकिरडा वेगळा आणि बाळंतिणीची खोली वेगळी. तू आईची खाट कापसाच्या खोलीत टाकली होतीस, नाही का? वहिनी म्हणाली होती, पिंजणीच्या धुळीनं तिला खोकला थांबत नव्हता.

हेही वाचा पंतोजी. दादा उठून चालला असेल तर पाठीमागून वाचा.

खुशालराव अकोल्याच्या बातम्याही आणतो. पहिल्या वेचणीच्या आधी मालकिणीनं वावराला दहीभात दाखवायचा, सीतादही करायचं, मगच कापसाला हात लागायचा, ही आपल्याकडची रीत. वहिनीनं भात शिजवायला नकार दिला म्हणे. "जिचा शबद नांगराखाली गेला, तिच्या हातचा निवद वावर घेईन काय?" असं सगळ्या वेचणाऱ्या बायांसमोर म्हणाली. बाया बांधावरच बसून राहिल्या. कापूस बोंडांतून लोंबत होता आणि तू एकेकीच्या हातापाया पडत होतास. शेवटी कोणाच्या तरी म्हाताऱ्या आत्याकडून भात करवलास, आणि तीन दिवसांनी तुझा उजवीकडचा बैल लंगडला. पार काय बोलतो, ते मला इथं ऐकू येतं.

तर आता ऐक. पौष शुद्ध नवमीला आईचं वर्षश्राद्ध आहे. त्याआधी मोगऱ्याच्या मुंग्यांना तुमच्या घरचं पीठ मिळालं, तर वहिनी मोकळी होईल. मुंग्या इथं आहेत. कोणा गाडीवानाच्या हाती पीठ पाठवशील तर मी ते उकिरड्यावर टाकीन. तू यायचं. भर वेचणीत, गाड्या सोडून, स्वतः. आशाबाईच्या ओसरीखाली उभं राहायचं आणि म्हणायचं, गोवर्धन, आईच्या मुंग्यांना घास घालू दे.

येशील तेव्हा मी बघून घेईन, दार उघडायचं की नाही.

गोवर्धन


अकोला, पौष शुद्ध दशमी, शके १७८६

दादा,

हे पत्र तुला उमरावतीत मिळेल, आशाबाईच्या ओसरीवर. माझ्याच कोपऱ्यात बसला असशील. तिथं पंतोजी नाहीत, पण जानराव म्हणून एक दलालाचा माणूस जेवायला येतो, त्याला वाचता येतं. जानराव, मोठ्यानं वाचा. गाडीवान जेवत असले तर हात धुईपर्यंत थांबा, सगळ्यांनी ऐकायला हवं.

तू निघणार हे खुशालरावानं मला आधीच सांगितलं होतं. त्याच दिवशी मी मातीचं घर घोंगडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि त्याच्या गाडीत बसलो. आशाबाई म्हणाली, "आता त्याले काय सांगू?" मी म्हणालो, "सांग, येतच असन, बसा. भाकरी घाल." ती म्हणाली, "लई थंडं डोकं झालं रे तुहं." मी म्हणालो, "बूड टेकलं नं, मावशी."

मूर्तिजापूरच्या अलीकडं, ओढ्यापाशी, समोरून तुझी गाडी आली. मी घोंगडी डोक्यावरून ओढली. मुंग्या मांडीवर होत्या. गचक्यांनी त्यांच्या वाटा ढासळत होत्या, मला आत हात घालता येत नव्हता. तू खुशालरावाला थांबवलंस.

"उमरावतीहून काय, बाप्पा?"

"हाव."

"तिथं बाजारामागं आशाबाई राह्यते म्हणते. भाकरी करते ते."

"तिले कोन नाही ओयखत? जा सरके, कोनीबी दाखवन."

"माहा धाकटा भाऊ हाये तिच्या इथं. गोवर्धन. मुंग्या पाळते तो."

खुशालरावानं कासरा आवरला. मग तो म्हणाला, "आसन. भेटन जा."

"मायचं वर्षसराध हाये नवमीले," तू म्हणालास. "पीठ घिऊन चाल्लो, अन् त्याले घिऊनच वापस येतो म्हटलं. गेल्या साली त्याले..." आणि तू बैलाला हाकलंस. घोंगडी वर करायला मला एका हाताचं काम होतं. दोन्ही हात मुंग्यांच्या घरावर होते, ते मी तिथंच ठेवले.

घरी पोचलो तर वहिनी अंगणात दळत होती. मला पाहून जातं थांबलं.

"भाऊजी! अन् हे त तुमच्याकडंच गेले!"

"मले मालूम हाये."

तिनं माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. सगळं कळलं तिला. "लबाड हा तुमी," म्हणाली, "दोघंबी एकाच मायचे." मला वाटलं हाकलते आता. पण ती हाताचं पीठ झटकून उठली, पदर खोचला आणि वावरात गेली. जिथं मोगरा होता, त्या जागेवर तुझा कापूस कमरेएवढा उभा होता, फुललेला, न वेचलेला. तिनं पहिलं झाड दोन्ही हातांनी धरून उपटलं. मग दुसरं. वेचणाऱ्या बाया पाहत राहिल्या. एकजण म्हणाली, "सुभद्राबाई, मालक काय म्हणन?"

"मालक म्हणन ते म्हणन. कावळ्यानं घास घेतला तो माह्या शबदावर, त्याइच्या नाही."

एका खाटेएवढी जागा तिनं मोकळी केली. मग त्या बायाही उठल्या आणि झाडं ओढू लागल्या. दादा, फुललेला कापूस मातीत पडला होता आणि त्यावरून त्या चालत होत्या.

मी खड्डा केला, मातीचं घर त्यात ठेवलं आणि काच काढली. वाटेत दोन खोल्या बसल्या होत्या, काही मुंग्या चेंगरल्या होत्या. थोरली जिवंत होती. उजेड पडताच ती मागं सरली आणि लेकी पांढरी बाळं तोंडात धरून खाली, ओल्या काळ्या मातीत शिरू लागल्या. खाली त्यांच्या आज्यांच्या जुन्या वाटा असतील, मला माहीत नाही.

काल नवमी. मी मोर्णेच्या काठी डोकं भादरलं. गेल्या साली माझे केस राहून गेले होते. श्राद्ध मी केलं. पंतोजी होते, पार होता, झाडून सगळे होते. पिंडाला कावळा लगेच शिवला, आम्ही हात जोडायच्या आत. मग वहिनीनं मोगऱ्याच्या जागेवर पीठ घातलं. बराच वेळ कोणी आलं नाही. आणि मग मातीतून एक बारकी मुंगी वर आली, पिठाचा कण उचलला आणि आत गेली. कुपीत ज्या पिठानं ती मेली असती, ते उघड्यावर नेलं. वहिनी तिथंच मातीत बसली आणि इतकी रडली की बायांना तिला उचलावं लागलं.

तेव्हा आता ती खाटेएवढी जागा आहे तशी राहील. पंतोजींनी पारावर तसं जाहीर केलं आहे. नांगर घालून बघ. मी इथंच आहे, दर सोमवारी तुझ्यासमोर बसून बघणार आहे.

नवमीला तू इथं नव्हतास, तिथं ओसरीवर माझी वाट पाहत होतास. पुरचुंडीत बांधून आणलेल्या पिठाचं काय केलंस, ते आल्यावर सांग. तुझ्याकडं वेळेवर माणूस मला पाठवता आला असता. पण काय करणार दादा, हंगाम आहे. भरल्या गाड्या परत फिरत नाहीत.

तुझी रिकामी होती. भर हंगामात, माझ्यासाठी, रिकामी. ते मी घोंगडीच्या भोकातून पाहिलं.

गोवर्धन